तिरकी पट्टी

“तबकडी आणखी किती घासू, बुवा?”

हैबतीनं हातातली लाकडी तबकडी पुढं केली. डोंगरावरच्या मठात राहून त्यानं आपल्या हातांनी दुर्बीण घडवली होती. आरसा झकास उतरला होता. नळी आकाशात नेमकी कुठं वळली आहे हे सांगणाऱ्या, अंशांच्या रेघांच्या दोन तबकड्या तेवढ्या राहिल्या होत्या.

आणि तिथंच घोडं अडलं होतं.

त्याला हे शिकवणाऱ्या नारोबुवांची अट साधी होती. भर दुपारी, आकाश न धुंडाळता शुक्र दाखव आणि दुर्बीण घेऊन आपल्या गावी जा. हैबतीचा जीव केव्हाच गावाकडं लागला होता.

“घासतोस कशाला?” बुवांनी विचारलं.

“अंशांची कागदी पट्टी तबकडीभोवती गुंडाळली की शेवटी फट राहते. म्हणून लाकूड घासतो. मग पट्टीच जास्त होते.”

“मग?”

“मग नवी तबकडी कापतो.” हैबतीचा आवाज चढला. “माझा हिशेब चोख आहे, बुवा. व्यासावरून परीघ काढलाय, दशांशाच्या सात घरांपर्यंत. लाकूडच खोटं निघतंय.”

“अस्सं... लाकूड खोटं.”

बुवांनी एक कोरी पट्टी घेतली. तबकडीभोवती घट्ट गुंडाळली, टोकं जुळली तिथं कापली आणि हैबतीच्या हातावर ठेवली.

“हिचे तीनशे साठ भाग कर.”

“लांबी किती आहे हिची?”

“तुला कशाला हवी?”

हैबतीनं आलेखाचा लांब कागद जमिनीवर अंथरला. दोन-दोन मिलिमीटरची तीनशे साठ घरं मोजली आणि पट्टी त्यावर सरळ ठेवली. ती शेवटच्या रेघेच्या पुढं गेली.

“बघा. कुठल्याच मापात बसत नाही ही.”

बुवांनी पायाच्या अंगठ्यानं पट्टीचं एक टोक बाजूला सरकवलं. पट्टी तिरकी झाली... आणि तिचं टोक अलगद शेवटच्या रेघेवर आलं.

मधली प्रत्येक रेघ आता पट्टीला सारख्या अंतरावर कापत होती.

हैबती बघतच राहिला. मग पेन्सिलीला टोक काढायला बसला.

दोन्ही तबकड्यांवर पट्ट्या चिकटल्या, तेव्हा जोड कुठं आहे ते बोटालाही कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन रणरणत होतं. दुर्बीण ज्यावर फिरते तो खांब आधीच ध्रुवताऱ्याच्या दिशेनं लावलेला होता. हैबतीनं नळीचं तोंड झाकून, नुसत्या सावलीवरून ती सूर्याच्या रेषेत आणली. पंचांगातून काढलेले सूर्याचे अंक तबकड्यांवर जुळवले. तिथून मोजून शुक्राच्या अंकांवर नळी नेली, झाकण काढलं आणि डोळा लावला.

निळ्या आकाशात चिमुकली पांढरी कोर.



“बुवा... शुक्र.”

बुवांनी डोळा लावला. बराच वेळ लावला... मग नळीला असा धक्का दिला की ती पार झाडांकडं वळली.

“परत.”

हैबती हसला. वर न बघता त्यानं रेघा जुळवल्या. कोर तिथंच होती. मग त्यानं स्वतःच नळी ढकलली आणि पुन्हा जुळवली. पुन्हा कोर. भर उन्हात त्यानं खांबाभोवती एकट्यानंच फेर धरला. मठात असं कोणी कधी नाचलं नव्हतं.

दम लागल्यावर तो बुवांच्या पाया पडला.

“जाऊ, बुवा?”

बुवांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“जा. आता हरवलास तरी चालेल, परत जुळवशील.”