दोन ट्रकांमधली जागा

ड्रायव्हिंग टेस्टला बाई आली की इन्स्पेक्टर खर्शीकरांना जोर चढायचा. शाळेची व्हॅन चालवायची नोकरी ठरलेल्या मालन घुगेला त्यांनी जप्तीच्या दोन ट्रकांमधली चिंचोळी जागा दाखवली.

शेजारी बसत ते म्हणाले, "रिव्हर्सनं लाव. आणि मी नापास म्हटलं, की स्टिअरिंगला हात लावायचा नाही!"

मालननं आरसे मिटले, मान मागे वळवली आणि एकही ओरखडा न पाडता गाडी आत घातली.

"आरसे मिटलेस? नापास!" म्हणत साहेब उतरायला गेले. दार ट्रकला अडलं, बोटभरही उघडेना.

"गाडी पुढे घे!"

मालननं दोन्ही हात मांडीवर ठेवले. "कशी घेऊ साहेब? मी तर नापास!"

खर्शीकरांनी घाम पुसत पेन काढलं. 'पास'ची शाई वाळली, मगच मालननं गिअर टाकला.