माळ्यावरची पडशी

एकदा एक शिष्य आपल्या गुरूपासून एक पडशी लपवू लागला. पडशी म्हणजे खांद्यावरून पुढेमागे लोंबणारी, दोन कप्प्यांची प्रवासी पिशवी. तिच्यात चोरीचा माल नव्हता की कुणाची ठेव नव्हती. होती ती औषधं, पट्ट्या आणि दोऱ्या. तरीही तो तिला जपून, अंधारात, कुणाच्या नजरेस पडणार नाही अशी ठेवत होता. का, तर भीतीपोटी.

गुरू अस्थिवैद्य होते. मोडलेली हाडं बसवण्यात त्यांचा हात धरणारं त्या डोंगरपट्ट्यात कुणी नव्हतं. वाड्या दूरदूर विखुरलेल्या, रस्ते म्हणजे नुसत्या पायवाटा, मध्ये ओढे आणि जंगल. बोलावणं आलं की गुरू पडशी खांद्यावर टाकून निघत आणि पाठोपाठ शिष्य. शिष्याचं नाव भार्गव. हात कुशल, बुद्धी तल्लख, पण छातीत सदान्कदा धाकधूक.

गुरूंची एक रीत होती. प्रवासाहून परतलं की अंगावर पाणी घेण्याआधी पडशी रिकामी व्हायची. पट्ट्या उकळत्या पाण्यातून काढून उन्हात, मधाचा बुधला फडताळात, मोडलेल्या हाडाला आधार द्यायच्या बांबूच्या कांबी कोरड्या भिंतीशी. मग पडशी उलटी करून चुलीवरच्या दांडीवर, धुरात टांगायची. पुढचं बोलावणं येईपर्यंत ती तशीच रिकामी राहायची. आणि बोलावणं आलं की पुन्हा श्रीगणेशा! एकेक वस्तू हाती घेऊन, निरखून, मगच आत.

"तांब्या रिकामा कशाला नेतोस? पट्ट्यांच्या गुंडाळ्या त्यात बसव," गुरू सांगत. "मागच्या कप्प्यात उद्याचं सामान, पुढच्यात आत्ताचं. आणि ज्याची गरज सर्वांत आधी, ते सर्वांत शेवटी भर. म्हणजे हात घातला की तेच वर येईल."

ऐकायला हे किती सुंदर! पण दारात कुणाचा तरी भाऊ किंवा बाप धापा टाकत उभा असताना गुरूंचा तो संथ हात पाहणं म्हणजे भार्गवाला शिक्षा वाटे. त्यात त्या वर्षीच्या चैत्रात एक घटना घडली आणि त्याच्या सहनशक्तीचा बांध फुटला.

एक लहानगी मुलगी आंब्याच्या झाडावरून पडली होती. निरोप आला, गुरूंनी नेहमीप्रमाणे पडशी भरली, दोघे झपाझपा चालत गेले. अंगणात पाऊल ठेवलं, तर बायका मुलीच्या आईला धरून बसल्या होत्या. सगळं संपलं होतं. ती आई रडत नव्हती. तिने भार्गवाकडे पाहिलं आणि म्हणाली, "जरा आधी आला असतात तर..."

बस्स. एवढंच. पण ते अर्धं वाक्य भार्गवाच्या मनात रुतून बसलं. जेवताना घास फिरायचा, झोपेतून तो दचकून उठायचा. तो मनाशी पुन्हा पुन्हा मोजमाप करी: गुरू पट्ट्या गुंडाळत बसले नसते तर? दोरी ताणून पाहत बसले नसते तर? उत्तर त्याला ठाऊक नव्हतं, आणि विचारण्याचा धीरही होत नव्हता. पुन्हा एखाद्या अंगणात कुणी आई तसंच पाहील, ही कल्पनाच त्याला सोसत नसे.

म्हणून त्याने दुसरी पडशी मिळवली. गुरू झोपाळ्यावर डुलकी घेत असताना तिच्यात सगळं सामान भरलं, तोंडं करकचून बांधली आणि माळ्यावर, भाताच्या कणगीमागे सारून दिली. आता बोलावणं येवो, उचलायची आणि पळत सुटायचं! क्षणभर त्याच्या जिवात जीव आला.

पण भीतीला कधी पोटभर मिळालं आहे का हो? दुसऱ्याच दिवशी त्याला वाटलं, एक बुधला मध पुरेल का? दुसरा ठेवला. मग वाटलं, पट्ट्या कमी पडतील. मग आणखी कांबी, आणखी तूप, आणखी हळद. आपण नाही का, दोन दिवसांच्या गावाला जाताना तापाच्या गोळ्या, पोटाच्या गोळ्या, जास्तीची चादर, त्याहूनही जादा एक चादर कोंबतो आणि बॅगेवर बसून चेन ओढतो? मुक्कामी पोचल्यावर मात्र त्यातलं निम्मंही उघडत नाही. हसू नका, भार्गवही अगदी आपल्यातलाच होता. ज्येष्ठ गेला, आषाढ धो धो कोसळला, आणि माळ्यावरची पडशी फुगत गेली. उघडून पाहण्याचं मात्र त्याला एकदाही सुचलं नाही. वरून चाचपून, तोंड किंचित सैल करून तो नवीन वस्तू आत ढकली, आणि घाईघाईने खाली उतरे.

श्रावणातल्या एका दुपारी, पाऊस चांगलाच लागलेला असताना, दारात एक माणूस येऊन अक्षरशः कोसळला. ओढ्यापलीकडच्या वाडीतला सखा होता तो. गळतं छप्पर सारखं करताना त्याचा थोरला भाऊ धाकू वरून घसरला होता.

"पायाचं हाड बाहेर आलंय वैद्यबुवा," सखा म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "रक्त थांबत नाही. वहिनीने लुगड्याचा बोळा दाबून धरलाय. चला हो, पाया पडतो!"

दुसऱ्याच क्षणी भार्गव माळ्याची शिडी चढलासुद्धा. पडशी खाली ओढताना त्याला कष्ट पडले, इतकी ती जड झाली होती. ती ओटीवर आणून तो म्हणाला, "गुरुजी, भरायला नको! तयार आहे! चैत्रापासून तयार ठेवली आहे मी. चला!"

गुरूंनी त्या फुगलेल्या पडशीकडे पाहिलं, मग शिष्याच्या चेहऱ्याकडे. रागावले नाहीत. ते खाली बसले, त्यांनी गाठी सोडल्या आणि पडशी उचलून सगळी ओटीवर पालथी केली.

"गुरुजी!" भार्गव ओरडलाच. गुरूंवर आवाज चढवण्याची त्याची ही पहिलीच वेळ. "तिकडे माणूस मरतोय!"

"म्हणूनच," गुरू म्हणाले. "ये, बस इथे."

सखा आ वासून बघत राहिला. ज्यांना मदतीला बोलवायला आलो त्यांनीच सामानाचा पसारा मांडावा, याचा अर्थ त्या बिचाऱ्याला काय लागणार? भार्गवाला वाटलं, आता याच्याही तोंडून तेच अर्धं वाक्य बाहेर पडेल. 

गुरूंनी एक गुंडाळी उलगडली. कापडावर काळी बुरशी पसरली होती, कुबट वास भपकन वर आला. मधाचा बुधला मुंग्यांनी भरला होता. तूप खवट. कांबी उचलल्या, तर आतून पिठासारखा भुसा गळू लागला. भुंग्याने त्या पोखरून टाकल्या होत्या. शेवटी गुरूंनी रक्त आवळून धरण्याची सुती दोरी उचलली आणि तिचं एक टोक भार्गवाच्या हाती दिलं.

"ओढ."

भार्गवाने ओढली. फारसा जोरही लावला नाही. दोरी मधोमध तुटली.

तुटलेलं टोक हातात घेऊन तो तसाच बसून राहिला. ही दोरी धाकूच्या मांडीवर, रक्त उसळत असताना तुटली असती.  गुरूंनी त्याला सावरायला वेळ दिला नाही. "फडताळातून मध आण. पट्ट्या पेटीत आहेत. नवी दोरी खुंटीला. तू भर, मी बघतो."

भार्गवाने चुलीवरची रिकामी पडशी काढली. त्याची बोटं लटलटत होती. गुरू एकेक वस्तू पुढे करीत आणि ती कशी आहे हे त्याने सांगितल्याखेरीज आत जाऊ देत नसत. पट्टी? कोरडी. तांब्यात बसव. कांबी? अखंड आहेत, मागच्या कप्प्यात. मध, तूप, हळद. मग दोरी. त्याने ती पायाखाली धरून जिवाच्या आकांताने ओढून पाहिली, नि सर्वांच्या वर ठेवली. जुन्या पडशीच्या निम्म्यानेही ही भरली नव्हती. आणि एवढं होईपर्यंत सखाने पुढ्यात आलेला गरम पेज-गूळ कसाबसा संपवला होता, इतकाच काय तो वेळ गेला.

तिघे पावसात निघाले. अर्ध्या वाटेवर ओढा आडवा आला. पाणी तांबडं, फेसाळतं, दोन्ही काठ कुरतडत चाललेलं. वर साकव होता, म्हणजे ओळीने बांधलेली पोफळीची खोडं, आणि ती शेवाळाने गुळगुळीत झालेली. गुरूंनी त्यावर एक पाय ठेवला. पाय सरकला. सखाने झटकन त्यांना मागे ओढलं म्हणून निभावलं.

"माझ्या गुडघ्यांना हे झेपणार नाही," गुरू म्हणाले आणि पडशी उतरवून भार्गवाच्या खांद्यावर ठेवली. "मी वरच्या उताराकडून येतो, तिथे पाणी उथळ असतं. वेळ लागेल. तू जा."

"एकटा?"

"सखा आहे ना सोबत."

"गुरुजी, मला जमणार नाही. माझ्या हातून काही चुकलं, तर..." 

"आत काय आहे ते तुला ठाऊक आहे," एवढंच बोलून गुरू पाठ फिरवून चालू लागले.

साकव कसा ओलांडला, हे भार्गवाला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. खाली पाण्याचा घुमणारा आवाज, पुढे सखाची पाठ, आणि ओठांवर रामनामाऐवजी एकच घोकणी: पट्टी तांब्यात, कांबी मागे, दोरी वर.

धाकूच्या घरात अंधार होता. जमीन चिकट झाली होती. धाकूची बायको भागीरथी दोन्ही हातांनी बोळा दाबून बसलेली, तिचे हात मनगटांपर्यंत लाल. तिने मान वर करून भार्गवाच्या मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"म्हातारबुवा कुठायत?" तिने विचारलं.

"येताहेत." त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "तुम्ही हात काढू नका. मी सांगेन तेव्हाच काढा."

त्याने पुढच्या कप्प्यात हात घातला. दोरी हाताला लागली. न पाहता, न शोधता. मांडीवर तिचा फास बसला, गाठ आवळली, आणि ती टिकली. मग तांब्या, मग पट्टी, मग मध. धाकू एकदाच किंचाळला आणि शुद्ध हरपून पडला, ते एका परीने बरंच झालं. हाड जागी बसवताना भार्गवाच्या कपाळावरून घाम आणि पाणी सारखंच गळत होतं, पण पट्टी कुठे, कांब कुठे, हे त्याला एकदाही आठवावं लागलं नाही. रक्त थांबलं. धाकूचा श्वास चालू होता. भागीरथीने भिंतीला डोकं टेकलं आणि तेव्हा कुठे ती मोठ्याने रडली.

दिवेलागणीच्या सुमारास गुरू येऊन पोचले, चिखलाने माखलेले. त्यांनी पट्टी पाहिली, पायाची बोटं दाबून पाहिली, दोरी योग्य वेळी सैल केली होती याची खात्री करून घेतली. "जगेल," ते भागीरथीला म्हणाले. "पायही राहील बहुतेक."

पागोळ्यांखाली हात धूत असताना भार्गवाच्या मनातलं सगळं भडाभडा बाहेर आलं. चैत्रापासूनचं. "मला वाटलं होतं, गुरुजी, त्या मुलीला आपणच उशीर केला. म्हणून भरून ठेवली ती पडशी."

"ठाऊक आहे," गुरू म्हणाले. "तिचं डोकं दगडावर आपटलं होतं, बाळा. निरोप्या आपल्या दारी पोचण्याआधीच ती गेली होती. तिच्या आईचं बोलणं खरं नव्हतं, पण त्या माउलीने दुसरं काय बोलावं? तू मात्र ती पडशी त्या मुलीसाठी भरलीस, आणि भरतच राहिलास. तिला आता पट्टी लागणार नव्हती. धाकूला लागणार होती, आणि धाकूसाठी तर आज भरायला हवी होती."

 भार्गव म्हणाला, "पण भीती काही गेली नाही. साकवावर तर वाटलं, इथेच संपलं. तुमच्यासारखा शांत हात मला कधी लाभणार?"

"शांत?" गुरूंना हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. "अरे, ते वाक्य मलाही ऐकू येतं. त्या आईचं, आणि तिच्याआधीच्या कितीतरी जणांचं. घाईने भरायला गेलो, तर माझ्या हातून वस्तू पडतात. म्हणून सावकाश भरतो."

आणि त्यांनी धुण्यासाठी हात पुढे केले. भार्गवाने इतक्या वर्षांत ते हात काम करतानाच पाहिले होते, नुसते कधी पाहिले नव्हते. बोटं थरथरत होती, त्याच्या स्वतःच्या बोटांसारखीच.

 त्याने तांब्या उचलला आणि गुरूंच्या हातांवर हळूहळू पाणी घातलं.