आदेशाच्या पाठीवरचा कांदा

"…पण बाई, उत्तर पडद्यावर तयार असताना पोरांना आठ-आठ दिवस चाचपडायला कशाला लावता?"

विचारणारा संग्राम चौगुले. एकेकाळी आयरेबाईंच्याच हाताखाली नववीत शिकलेला, पुढं जीवशास्त्रात सुवर्णपदक, आता तालुक्याचा विषय सल्लागार. ऐट अशी, की खुर्चीला टेकायलाही तयार नव्हता.

हातात आदेश होता. सोमवारपासून जीवशास्त्राचे सगळे तास व्हिडिओवर, ठरल्या क्रमानं. बाईंनी सही करायची, नाहीतर नववीचा वर्ग दुसऱ्याकडं. तीस वर्षं ज्या वर्गात जीव ओतला, तो एका कागदावर जाणार होता. मी शेजारच्या वर्गाला मराठी शिकवतो; दारात उभा राहून ऐकत होतो आणि मला संताप येत होता.

बाई मात्र सूक्ष्मदर्शकाचं भिंग पुसत होत्या.

व्हिडिओशी त्यांचं वैर होतं असंही नाही. पोरं आधी सूक्ष्मदर्शकातून स्वतः बघत, फळ्यावर प्रश्न लिहीत, हमरीतुमरीवर येत. बाई मधेच एखादा प्रश्न टाकत. मग घरी मोबाइलवर व्हिडिओ, आपलं कुठं चुकलं ते शोधायला. क्रम तेवढा उलटा.

बाईंनी एक काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

"दिसतं ते काढ."

टेबलावर चिरलेला कांदा पडलेलाच होता. संग्राम हसला. डोळा लावला न लावला, हातातला आदेशच उलटा केला, पेन्सिल घेतली आणि मिनिटात चित्र तयार. विटांसारख्या पेशी, प्रत्येकीत केंद्रक, सरळ रेघा ओढून नावं. पुस्तकात छापावं असं.

बाईंनी पहिल्या बाकावरच्या शबानाला बोलावलं. ती बराच वेळ बघत राहिली.

"बाई, कांदा नाहीच यात. पाणी आहे, आणि हवेचा एक बुडबुडा."

संग्रामनं पुन्हा बघितलं... काळ्या काठाचा गोल बुडबुडा. बाकी काही नाही. त्याचे कान लाल झाले.

तुम्ही फसवलंत, असं तो पुटपुटला. बाईंनी कांद्याचं नावही काढलं नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

मग त्यानं आवाज चढवला. आदेश गटशिक्षणाधिकारी साहेबांचा आहे, सही आत्ताच हवी, म्हणाला. आणि चित्र पुसायला शबानाकडं खोडरबर मागितलं.

बाईंनी कागद काढून घेतला, चित्र वर येईल असा टेबलावर ठेवला आणि पेनाला टोपण लावलं.

"खोडू नकोस. या चित्रावर आधी साहेबांची सही आण. मागच्या बाजूला मग मी करते."