कडीवरची निरगाठ

तांडेल गप्प असत आणि दोरच बडबडत, त्या काळची गोष्ट. एका गलबताच्या शिडाचा एक दोर कडीला निरगाठीने बांधलेला होता, दुसरा सुरगाठीने. म्हातारी निरगाठ म्हणाली, “माझ्याइतकी घट्ट गाठ अख्ख्या बंदरात नाही. बंदरात आज गलबतही एकच आहे म्हणा.” मग सुरगाठीला चिडवू लागली, “तू बाई, शेपूट ओढलं की सुटतेस. शिडाने तुझ्यावर विसंबायचं कसं?”

दुपारी भर समुद्रात वारा पिसाळला, गलबत कलंडू लागलं. तांडेल शीड सोडायला धावला. सुरगाठ एका ओढीत सुटली. निरगाठीशी झटून मात्र त्याची नखं सोलली. पाणी आत शिरलं, तसा त्याने कोयता उचलला.

“मी शेवटपर्यंत सोडलं नाही गं, आणि हा मलाच कापतोय?”

सुरगाठ म्हणाली, “सोडलं असतंस, आजी, तर उद्या त्याने तुला पुन्हा बांधलं असतं.”