रेवणचा चौथा तारा

“…ब्रश कुठला ते तरी सांगा, चाचा. का तेही नाही?”

रेवण होनराव कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत मागं वळून विचारत होता. आवाजात मान होता, पण वरवरचा.

इलाही चाचा दुकानाच्या दारात स्टुलावर बसले होते, रस्त्याकडं तोंड करून. त्यांनी वळून बघितलंसुद्धा नाही.

“ब्रश सगळ्यांचा एकच असतो,” ते म्हणाले. “गोल.”

मी गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर होतो. बार्शीत आमचं एक जुनं वाचनालय आहे, त्याचा मी चिटणीस. व्याख्यानमालेचा फ्लेक्स न्यायला आलो होतो. तो तयार होऊन गुंडाळून माझ्या मांडीवर होता. उठून जायला काही हरकत नव्हती. पण समोर असलं काही चाललं असताना मला उठवत नाही, हा माझा जुना दुर्गुण आहे.

इलाही चाचा म्हणजे इलाही पेंटर. उभा जन्म कुंचल्यानं पाट्या रंगवल्या. गावात फ्लेक्स आला तेव्हा बाकीचे पेंटर कपाळाला हात लावून बसले, हे मात्र पन्नाशीत माऊस धरायला शिकले. आणि गेल्या सात-आठ वर्षांत त्यांचा तारा गाजला. बारशाचा फ्लेक्स असो, तालमीचा असो, नाहीतर आकाशकंदिलाच्या खोक्यावरचं चित्र असो, लोक सांगायचे, “त्यात चाचांचा तारा टाका.” कागदावरचा तारा, पण तो लुकलुकतो असं लोक म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं, आणि मी सहसा लोकांच्या हो ला हो करत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मोतीबिंदू. आता टाळण्यात अर्थ नव्हता. गेल्या महिन्यात त्यांनी एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर भलत्याच माणसाचा फोटो छापला होता. तो माणूस निघाला वाढदिवसवाल्याचा चुलतभाऊ, दहा वर्षं कोर्टात भांडणारा.

म्हणून त्या दिवशी दुपारी चाचांनी रेवणला सांगून टाकलं होतं. दिवे लागेपर्यंत एक तारा काढ. चमकला तर उद्यापासून ही खुर्ची तुझी. नाहीतर मी दुकान बंद करतो आणि मिरजेला लेकीकडं जातो.

रेवण दोन वर्षांपूर्वी पुण्यातली चांगली नोकरी सोडून चाचांकडं शिकायला आला होता. एका ताऱ्यासाठी. घरच्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं. दुकान बंद झालं तर दोन वर्षं पाण्यात जाणार होती, आणि कुठल्या तोंडानं परत जायचं हाही प्रश्न होता. तो हे कुणाला बोलून दाखवत नसे. पण आज त्याची मान ताठ होती आणि नजर मात्र सारखी बाहेरच्या उजेडाकडं जात होती, ते मला दिसत होतं.

“झाला,” तो म्हणाला.

चाचा उठले. चाचपडत आले आणि पडद्याला नाक लावून उभे राहिले.

पाच टोकं, सगळी सारखी. मधोमध पांढरा, कडेला उतरत गेलेला पिवळा. भोवती मऊ उजेड पसरलेला.

“हा दुकानात मिळतो,” चाचा म्हणाले आणि जाऊन परत स्टुलावर बसले.

रेवण पडद्याकडं वळला. माऊसचा आवाज सुरू झाला.

दुसऱ्या ताऱ्याला त्यानं आधी काळंभोर आकाश घातलं. मग पांढरा गाभा. मग चारी दिशांना ब्लर ओढून काढलेले लांब किरण, त्यावर चमक, चमकेवर आणखी चमक. सतरा लेअर झाले, असं त्यानं मलाच सांगितलं, कारण चाचा विचारत नव्हते. डोळे दिपत होते. मला तर आवडला, मी तसं म्हणालोही.

चाचा पुन्हा आले. पुन्हा नाक लावलं.

“हा ट्रकचा दिवा आहे,” ते म्हणाले. “समोरून येतोय. बाजूला हो.”

मला हसू आलं. रेवणनं माझ्याकडं असं बघितलं, की मी गुंडाळी नीट करायला लागलो.

मग तो बराच वेळ तसाच बसून राहिला. शेवटी त्यानं एक जुनी वही काढली. पानापानावर आकडे होते, रेघा होत्या. वहीत बघून बघून त्यानं तिसरा तारा काढला, अगदी सावकाश.

तो मी लगेच ओळखला. वरचा किरण लांब. उजवीकडं दोन जुळे किरण. खालचा मधेच तुटलेला. भोवती पुसट कडं. गावभर लागलेला तोच तारा, जिवंतच्या जिवंत.

“दोन वर्षं मोजलाय मी हा,” रेवण म्हणाला. “जुळ्या किरणांत अकरा अंश. कड्याची जाडीसुद्धा मोजलीय. बघा.”

चाचांनी बघितलं. या वेळी खूप वेळ.

“चमकतोय,” ते म्हणाले.

“मग झालं की.”

“पण हा माझा आहे.”

“अहो, शिष्यानं गुरूसारखं नाही काढायचं तर कुणासारखं काढायचं?”

चाचा पडद्यापासून मागं सरले.

“उद्या सकाळी माझा तारा जाणार आहे, रेवण.”

रेवणला कळलं नाही. मलाही नाही.

चाचांनी स्टूल ओढून त्याच्याजवळ आणलं. बसले. मग सांगितलं, जेवताना भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तेवढ्या सहज.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी तपासताना समोर एक बारीक दिवा धरला होता. काय दिसतं, असं विचारलं. चाचांना शब्दांत सांगता येईना, म्हणून त्यांनी केसपेपर उलटा केला आणि दिसलं ते पेननं काढून दिलं. वरचा किरण लांब, उजवीकडं जुळे, खालचा तुटलेला, भोवती कडं. डॉक्टर हसले. म्हणाले, चाचा, हे दिव्यात नाही. तुमच्या डोळ्यात आहे. भिंग गढूळ झालंय, त्यामुळं उजेड असा फाटतो. आपण भिंग बदलू, मग दिवा दिव्यासारखा दिसेल.

“आणि तारा?” रेवणनं विचारलं.

“ठिपका दिसतो म्हणाले. चांगल्या डोळ्याला.”

रेवण वहीकडं बघत राहिला. अकरा अंश. कड्याची जाडी.

“म्हणजे दोन वर्षं मी… मोतीबिंदू गिरवत बसलोय?”

चाचांनी मान डोलावली.

“तुम्हाला तारा येत नव्हताच,” रेवण म्हणाला. आवाज चढला होता. “कसब नव्हतंच काही. आजार होता. मी नोकरी सोडली एका आजारासाठी.”

मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर रागच आला. मोठ्या माणसाशी बोलायची ही रीत नव्हे, असं मी म्हणणार होतो. चाचांनी हातानं मला थांबवलं.

“मला दिसलं ते मी काढलं,” ते म्हणाले. “मला काय ठाऊक, तुम्हाला वेगळं दिसतंय ते.”

बाहेर अंधारायला लागलं होतं. समोरच्या रसवंतीवाल्यानं घुंगरं काढून ठेवली आणि चरकाला फडकं बांधलं. रेवणचा राग जसा आला तसाच उतरला आणि त्याच्या जागी भीती आली. तो खुर्ची सोडून चाचांच्या पायाशी बसला.

“चाचा, ऑपरेशन पुढं ढकला.”

“का?”

“तारा जाईल. मग दुकानात राहतं काय? लोक येतात त्यासाठीच.”

“फोटो चुकले तरी?”

“फोटो मी बघतो. नावं मी बघतो. तुम्ही फक्त तारा काढा. अजून वर्षभर तरी… मी पाया पडतो तुमच्या.”

चाचांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“माझी नात तीन वर्षांची झाली,” ते म्हणाले. “ती हसते तेव्हा मला आवाज येतो. तोंड दिसत नाही.”

 रेवणनं मान खाली घातली. मला वाटतं तो रडत होता, पण कुणाचं रडणं असं बघू नये, म्हणून मी भिंतीवरचे जुने फ्लेक्स बघत बसलो.

तेवढ्यात रस्त्यावरचे दिवे लागले. मुदत संपली होती. मी गुंडाळी उचलली.

चाचांनी हात पुढं केला आणि रेवणच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला. चांगला जाड चष्मा होता. त्यांनी तो शांतपणे मिटून स्वतःच्या खिशात घातला.

“चाचा…”

“समोर बघ. रसवंतीच्या वर दिवा आहे.”

“मला दिसत नाही चष्म्याशिवाय.”

“बघ की.”

“सगळं पसरलंय. काही कळत नाही.”

“कसं पसरलंय?”

रेवण डोळे बारीक करायला लागला.

“बारीक करू नकोस. सैल सोड.”

तो बघत राहिला. बराच वेळ.

“तिरकं आहे,” तो शेवटी म्हणाला. “लांबट. वरून डावीकडं उतरतंय… रांगोळीची चिमूट वाऱ्यानं ओढल्यासारखं. खाली जाड आहे. आणि त्याच्या आत… आत बारीक बारीक धागे आहेत, चाचा. हलतात.”

“कधीपासून दिसतं असं?”

“चौथीत होतो. चष्मा लागायच्या आधी मी आईला सांगायचो, दिव्याला शेपूट आहे म्हणून. ती म्हणाली, पोराचे डोळे गेले. मग चष्मा लागला.” तो थांबला. “पण हा तर नंबर आहे माझा. खोट आहे.”

चाचांनी पडद्याकडं बोट केलं.

“काढ.”

रेवण खुर्चीत बसला. चष्म्याशिवाय त्याला पडद्याच्या अगदी जवळ जावं लागलं. आता त्याचं नाकही चाचांसारखंच काचेला टेकायला आलं. वही त्यानं बाजूला सारली. एकदा उठला, दारात गेला, दिव्याकडं बघून आला. पुन्हा बसला. पुन्हा उठला. असं पाच-सहा वेळा झालं. लेअर किती झाले ते त्यानं सांगितलं नाही. ब्रश मी बघितला, गोलच होता.

मला घरी जायचं होतं. बायको वाट बघत असणार. पण गेलो नाही.

शेवटी माऊसचा आवाज थांबला.

मी मागं जाऊन उभा राहिलो. त्याला तारा म्हणावं का, मला कळेना. टोक एकही नव्हतं. एक तिरकी, खाली उतरत जाणारी उजेडाची ओढ, एका बाजूला दाटलेली, आणि आत धागे. मी डोळे मिटून परत उघडले. धागे हलत होते. कागदावर येऊन हलतील का, देव जाणे. पण त्या काचेवर ते हलत होते, शपथ घेऊन सांगतो.

मी आयुष्यात असला तारा बघितला नव्हता. आणि तरी मला वाटलं, की हा खरा आहे. कुणीतरी बघून काढलेला आहे.

चाचा उठले. मी बाकड्यावर परत गेलो. त्यांनी पडद्याला नाक लावलं.

“झाला का?” रेवणनं विचारलं. आवाजात मघाचा ताठा राहिला नव्हता. “लोक म्हणतील, तारा असा नसतो.”

चाचा बघत होते.

“चाचा, चमकतोय का? एवढंच सांगा. नसला तर मी उद्या सकाळच्या गाडीनं जातो.”

चाचांनी खिशातून चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं दोन्ही काचा पुसल्या, रेवणच्या हातात दिला. मग भिंतीचा आधार घेत हळूहळू बाकड्यापाशी आले आणि गिऱ्हाईक बसतं तसे माझ्या शेजारी येऊन बसले.

“रेवण,” ते म्हणाले, “उद्यापासून मला नुसता ठिपका दिसणार. कधी तारा बघावासा वाटला, तर येऊ ना रे?”