मथीची टेकलेली घागर

फार फार वर्षांपूर्वी चिरेकोंड गाव डोंगराच्या माथ्यावर होतं आणि पाणी पायथ्याशी. मधे तीनशे पायऱ्या. चढताना डोक्यावरची घागर खाली टेकायची नाही, टेकली तर देवी कोपते, असा गावाचा नेम. नेम करणाऱ्यांनी घागर कधी उचलली नव्हती, ते सोडा.

त्या गावात मथी नावाची चौदा वर्षांची पोर होती. दोन वर्षं तिचे सांधे दुखत होते. कुणी म्हणे ढोंग, कुणी म्हणे बाहेरची बाधा. शेवटी रावबा भगताने सांगितलं, पुनवेला पायांना तापल्या विळ्याचे डाग द्यायचे. आईनेही रडत रडत मान डोलावली.

मथीला फार राग आला. दुखणं सुरू झालं तेव्हा प्रत्येक कळेला ती घाबरायची. मग आतल्या आत त्या कळांशी ओळख झाली. कुठलं दुखणं जुनं, नुसतं कुरकुरणारं, आणि कुठलं नवं, खरंच थांब म्हणणारं, हे तिच्याइतकं कुणाला कळणार होतं?

"पुनवेला देवीच्या न्हाणाची घागर मी आणते," ती पारावर म्हणाली. "दिवस मावळायच्या आत आणली तर मला कुणी हात लावायचा नाही. नाही आणली तर तापवा विळा."

पुनवेला सगळा गाव पायऱ्यांवर जमला. कळ आली की मथी स्वतःला विचारी, जुनं का नवं? जुनं असलं की चाले. चाळिसाव्या पायरीवर नवं निघालं. तिने घागर टेकली आणि खुशाल बसली.

"टेकलीस, हरलीस," रावबा म्हणाला.

"आणते म्हणाले होते. न टेकता आणते म्हणाले नव्हते. आणि देवीलाही पाय आहेत, तिला कळेल."

अशी ती सात वेळा बसली. सातव्या वेळी आई गर्दीतून आली आणि तिच्याशेजारी बसली.

असं म्हणतात की दिवस मावळायच्या आत ती माथ्यावर पोचली तेव्हा घागर काठोकाठ होती, आणि जिथे जिथे टेकली तिथे कातळाला बुडाएवढा खळगा पडला होता. देवीचं न्हाण झालं. उरलेलं पाणी मथीने रावबाने तापवून लाल केलेल्या विळ्यावर ओतलं.

तिचं दुखणं काही गेलं नाही. ती म्हातारी होईपर्यंत दुखतच चालली, बसतच चालली.

आता गावात नळ आलाय. तरी पुनवेची घागर पायऱ्यांनीच येते आणि सातही खळग्यांत टेकते. एरवीही कुणी तिथे बसलेलं दिसलं, तर त्याला उठवायचं नाही. फक्त विचारायचं, "जुनं का नवं?" आणि तो सांगेल ते खरं मानायचं.