आनसू भंडारणीचे मुंगळे

फार फार वर्षांमागं, कोंडवेळच्या खाडीवर अजून साकवही बांधला नव्हता, तेव्हाची ही हकिगत. गावात आनसू नावाची भंडारीण राहायची. नवरा माडावरून पडून वारला, तेव्हा त्याची कोयती तिनं स्वतःच्या कमरेला अडकवली आणि माडावर चढू लागली. बाईनं झाडावर चढू नये, असं जाणत्यांनी सांगून पाहिलं. ती वरूनच ऐकून घ्यायची, असं म्हणतात.

गावच्या आंब्यांवर तांबड्या मुंगळ्यांची घरटी असायची, पानाला पान चिकटवून केलेली, नारळाएवढी. मुंगळे भारी चावरे. पण आनसू रोज झाडावर, म्हणून तिनं त्यांचं काम पाहिलं होतं. बोटाएवढी अळी दिसली, की वीसजण तिला ताणून धरायचे आणि ओढत घरट्यात न्यायचे.

एका कार्तिकात विसाजी खोताकडे वनभोजन होतं. जावई आंब्याखाली जेवायला बसला आणि मुंगळे त्याच्या धोतरात शिरले. तो ताटावरून उठला तो थेट खाडीत. सगळा गाव हसला. खोताला ते झोंबलं. गावातलं एकेक घरटं जाळा, असा त्यानं हुकूम सोडला. गडी झावळ्यांच्या चुडी पेटवून निघाले.

देवळामागच्या आंब्याशी मात्र ते थांबले. तो आंबा गावकीचा, आणि वर आनसू बसलेली. खोत स्वतः आला, खाली उतर म्हणाला.

"चूड लावायची तर माझ्यासकट लावा, खोतानू," ती म्हणाली. "मुंगळे एकटे जळणार नाहीत."

नऊ दिवस ती उतरली नाही. मुंगळे तिच्या अंगाखांद्यावर फिरले, पण एकही चावला नाही, असं म्हणतात. खोताच्या माणसांदेखत गावच्या बाया दोरीनं पेज वर पोचवत होत्या.

दहाव्या दिवशी अळी आली. नव्या पालवीवर अशी तुटून पडली, की पानं कुरतडल्याचा आवाज खाडीपलीकडे ऐकू जाई. आठवड्यात खोताची आमराई खराट्यासारखी झाली, पाठोपाठ गावाची परसंही. हिरवा राहिला तो एकच आंबा.

मग खोतानं निरोप धाडला, घरटी पाठव. ज्यानं जाळली त्यानं स्वतः, उघड्या अंगानं येऊन न्यावीत, असं आनसूनं उलट कळवलं. खोत तीन दिवस घरात बसला. चौथ्या दिवशी उघड्या अंगानं आला. तिनं घरटं छाटून त्याच्या खांद्यावर ठेवलं.

"अंगावरचे मुंगळे झाडायचे नाहीत. आणि पहिलं घरटं तुमच्या आमराईत नाही, सगुणा परटिणीच्या दारी. तिचं एकच झाड आहे."

खोत ओठ दाबून चालला. पाठ लालेलाल झाली, पण त्यानं हात उचलला नाही. मग आनसूनं मुंगळ्यांना चालायला झाडाझाडांतून काथ्याचे दोर ताणले. एक दोर खाडीपार गेला. भरतीच्या पाण्यावरून तांबडी रेघ चालत गेली आणि पलीकडची गावंही वाचली, असं म्हणतात.

म्हातारपणी आनसू एकदा त्या आंब्यावर चढली. उतरताना तिला कुणी पाहिलं नाही.

आजही पालवी फुटली, की कोंडवेळात ज्याची झाडं सगळ्यांत जास्त, तो उघड्या अंगानं देवळामागं जातो. घरटं खांद्यावर घेऊन, ज्याचं एकच झाड आहे त्याच्या दारी पोचवतो. मागं एक बागायतदार जाड कोट घालून आला होता. तिथं उभ्या असलेल्या बायांनी कोट घ्यायला हात पुढे केले.